आंबोलीच्या रस्त्यावर

मृगाचा पाऊस पडला की आमच्या डिचोलीत दोन गोष्टी हमखास होतात. वीज जाते, आणि रात्री शेतांतून बॅटऱ्या फिरायला लागतात. लग्न होऊन आले त्या पहिल्या पावसात मला वाटलं, कुणाचं गुरू हरवलंय. सासूबाई म्हणाल्या, "बेडूक धरतात. आत ये, दार लावून घे."

कोरड्या दिवसांत जमिनीत दडलेले मोठे बेडूक पहिल्या सरींना वर येतात. नर पिवळेधमक होतात, गळा फुगवून मादीला हाका मारतात, आणि त्या हाकेवरूनच पकडणारा त्यांच्यापर्यंत पोचतो. त्यांच्या तंगड्या 'जंपिंग चिकन' या नावाने ताटात येतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने याला बंदी आहे, पावसाच्या तोंडाला वनखात्याची माणसं गस्तही घालतात, तरी बॅटऱ्या काही पूर्ण थांबलेल्या नाहीत. मला त्यांचा संताप यायचा. आणि खरं सांगायचं तर संतापात थोडी ऐटही असायची, की आपण नाही हो त्यातले.

ही ऐट घेऊनच मी गेल्या जुलैत आंबोलीला गेले.

जायचं की नाही यावर घरात बरीच चर्चा झाली, कारण चातुर्मास सुरू झाला होता. या चार महिन्यांत मुनी एका जागी राहून वर्षायोग करतात, पावसात जमिनीवर जीव फार म्हणून. आम्ही संसारी माणसं, आम्हाला तेवढं बंधन नाही. पण सासूबाई होत्या तोवर चातुर्मासात निपाणीला माहेरीसुद्धा जात नसत. मुलगा पुण्याहून सुनेला घेऊन येणार होता, रिसॉर्टचं बुकिंग करून मोकळा झाला होता. म्हणाला, "आई, आंबोली पावसातच बघायची असते." तेही खोटं नाही. सुमारे ६९० मीटर उंचीवर सह्याद्रीच्या कडेला बसलेलं हे गाव महाराष्ट्रातल्या सर्वांत जास्त पावसाच्या गावांपैकी एक. आधी वेंगुर्ल्याहून बेळगावला जाणाऱ्या वाटेवरचा टप्पा होतं, मग थंड हवेचं ठिकाण झालं. आता पावसाच्या शनिवार-रविवारी अख्खा गोवा आणि अर्धं बेळगाव तिथे असतं.

दोडामार्ग, बांदा, सावंतवाडी, दाणोली करत घाटात पोचेपर्यंत चार वाजले. मोठ्या धबधब्यापाशी गाड्यांची रांग. भाजलेली कणसं, वाफाळती भजी, भिजलेली पोरं, मोठ्यानं लावलेली गाणी. तिथे दीड तास गेला. धबधबा सुंदर आहे, पण मला त्यातलं नीट काही आठवत नाही, कारण माझं सगळं लक्ष घड्याळाकडे. सूर्यास्ताच्या आत जेवण व्हायला हवं होतं. ते चुकलंच. घाट चढून वर आलो तोवर अंधार आणि धुकं एकदमच आले. गाडीच्या दिव्यांत रस्त्यावर काहीतरी ओलं, चपटं चमकत होतं.

"पानं आहेत," मुलगा म्हणाला.

त्यातलं एक पान उडी मारून बाजूला झालं. बाकीच्यांवरून आम्ही गेलो.

कुणी काही बोललं नाही. रिसॉर्टवर आचाऱ्याने विचारपूस केली, आमटी-भात बिनकांद्याचा देतो म्हणाला. मी नुसतं पाणी पिऊन झोपले. ह्यांना वाटलं, रात्रीचं जेवायचं नाही म्हणून. मीही तसंच समजू दिलं.

सकाळी सगळे उठायच्या आधी मी छत्री घेऊन रस्त्यापर्यंत गेले. किती होते ते मोजले नाहीत. काही बेडूक, एक बारीक साप, आणि गांडुळासारखं पण जाड, राखाडी काहीतरी. रिसॉर्टवर येणाऱ्या गाईड मुलाला विचारलं तेव्हा तो म्हणाला, ते देवगांडूळ. ना गांडूळ ना साप, बेडकाच्याच गोतातलं, बिनपायाचं. साप समजून लोक त्याला ठेचतात ते वेगळंच.

हा मुलगा तिथल्याच एका वाडीतला, विशीचा. त्या दिवशी तो आम्हाला हिरण्यकेशीला घेऊन गेला. गुहेतून नदी उगम पावते, पुढे घटप्रभेला मिळते. तिथल्या कुंडातला एक छोटा मासा अभ्यासकांनी २०२० मध्ये नवी जात म्हणून जगापुढे आणला, नाव दिलं नदीचंच. दुसऱ्या वर्षी सरकारने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. त्याआधी त्या माशाला देवळाने सांभाळलं होतं. देवाच्या कुंडात गळ कोण टाकणार?

रात्री त्याच्याबरोबर जंगलाच्या कडेला फिरायला जायचं ठरलं. मी नको म्हणत होते. सून म्हणाली, "आई, तुम्हीच चला. काल मेलेले बघितलेत, आज जिवंत बघा." तिच्या बोलण्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

"काकी, जपान येवा. खाली बगा," तो पुढून सांगत होता. चार हात पुढची जमीन बघून पाऊल टाकायचं, याला आमच्यात ईर्यासमिती म्हणतात. पाठशाळेत मुलांना मी हा शब्द कितीदा पाठ करून घेतला असेल. प्रत्यक्षात अशी चालले ती त्या रात्री, आणि अर्ध्या तासात मान धरली.

टाकीवर वाकलेल्या फांदीला पांढऱ्या फेसाचा गोळा लटकत होता. मलबारच्या उडत्या बेडकाचं घरटं. पायांनी फेस घुसळून त्यात अंडी घालतात, पिल्लं तयार झाली की खालच्या पाण्यात टपटप पडतात. शेजारच्या पानावर बेडूक बसला होता, पोपटी, बोटांमधले पडदे तांबडे. पलीकडे फांदीवर चापडा, हलेना की डुलेना, भोजनाची वाट बघत. (त्याला ना सूर्यास्ताची अट ना चातुर्मास!) आणि जांभ्याच्या सड्यावर आंबोली टोड. लहानसा, कुशीला वाघासारखे पिवळे पट्टे. २००९ मध्ये त्याला शास्त्रात नाव मिळालं. सड्यावरच्या बोटभर खोल डबक्यांत हा अंडी घालतो. आंबोलीबाहेर याचं बिऱ्हाड जवळजवळ नाहीच. सड्याला लागूनच डांबरी रस्ता. रस्त्याच्या दोन्हीकडे पाणी, आणि इकडून तिकडे जायला याला वाट तीच.

परत निघालो तेव्हा पाऊस वाढला होता. रिसॉर्ट एक-दीड किलोमीटर. गाडीचे दिवे लागले आणि समोर पुन्हा ती 'पानं'.

"थांबव," मी म्हटलं, आणि उतरले. मुलगा म्हणाला, "आई, असं किती वेळ करणार? आणि आपण आलोच नसतो तर तुला हे दिसले तरी असते का?" मी बॅटरी घेऊन पुढे चालायला लागले. बेडूक दिसला की खाली वाकून हाताने वारा घालायचा, तो बाजूला उडी मारतो. काही मारत नाहीत, तसेच बघत बसतात. थोड्या वेळाने हे छत्री घेऊन आले, "पडशील कुठेतरी," असं पुटपुटत. मागून गाडी पहिल्या गिअरमध्ये. एक मोटार हॉर्न वाजवत आम्हाला ओलांडून भरधाव गेली. तिला काय म्हणायचं? आदल्या दिवशी आम्ही तिच्यातच होतो.

घरी आल्यावर दोन-तीन दिवस मुलाशी जरा अबोलाच होता. त्याचा प्रश्न अजून माझ्याकडे तसाच पडून आहे. पुढच्या महिन्यात त्याचा फोन आला, सप्टेंबरअखेर चौकुळच्या सड्यावर सोनकी फुलते, जायचं का? चातुर्मास तेव्हाही संपलेला नसणार. मी विचारलं, "घाट चढायला किती वाजतील?"

"उजेडातच पोचू. तुझं जेवण असतं ना."

"हो," मी म्हटलं. "जेवणही असतं."