वर्गातलं पाणी

दोस्तहो, मी गोंदियाच्या एका राईस मिलमध्ये काम करतो. अंगावर कोंडा घेऊन घरी येतो. शाळा नववीत सुटली. रात्री कविता लिहितो. आज कविता नाही, बहिणीची गोष्ट सांगतो.

तिला सिकलसेल आहे. माय-बाप दोघंही वाहक. अशा घरात प्रत्येक लेकराला हा रोग होण्याची शक्यता चारात एक. तिला झाला. मी नुसता वाहक राहून सुटलो. तिच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात. मग हाडं आतून कुणी ठेचावी तशी दुखतात. थंडी लागली, अंगातलं पाणी कमी झालं की दुखणं उठतं.

3 डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनाला, शाळेनं भल्या सकाळी फेरी काढली. आमच्याकडची डिसेंबरची थंडी! बहिणीच्या हाती समान संधीचा फलक दिला. मंचावर कुबडीवाल्या एका पोराला हार घातला. 'दिव्य' या शब्दावर पाहुणे बोलले. आपल्याला 'हरिजन' म्हणत होते, ते मला आठवलं. नाव देवाचं, जागा तीच.

बहीण दुपारी घरी आली ती कण्हतच. चार दिवस दवाखान्यात सलाईन. दिव्यांगांच्या कार्यक्रमानंच एका दिव्यांग पोरीला खाटेवर टाकलं अन् कुणाला पत्ता नाही. कारण तिचे हातपाय धड दिसतात.

खाटेवरून ती म्हणाली, "दादा, मले वर्गात पाणी पिऊ देत नाई. घडीघडी बाहेर जातो म्हनून नाटकी म्हनतेत."

हा रोग मूत्रपिंडालाही धरतो. लघवी जास्त होते, अंगात पाणी टिकत नाही. घडीघडी पाणी पिणं हा तिच्या औषधाचाच भाग.

20 मार्च 1927 ला बाबासाहेब चवदार तळ्यावर पाणी प्यायले. वर्गात शिवाशिव नव्हती, हे मी जाणतो. पण कुणी केव्हा पाणी प्यायचं ते दुसऱ्यानं ठरवायचं, ही रीत जुनीच.

माय म्हणते, "कोनाले सांगू नको बापू, पोरीचं लगन होनार नाई." लोक 'तुमच्या लोकांचा रोग' म्हणतात. विदर्भात तो आपल्यात अन् आदिवासींत जास्त, हे खरं. पण आफ्रिकेत, अरबस्तानात, ग्रीसमध्येही आहे. जिथं पिढ्यानपिढ्या मलेरिया होता, तिथं वाहकाच्या रक्तानं माणसं वाचवली, म्हणून ते टिकलं. यात पाप कुठलं अन् जात कुठली?

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत. त्यात सिकलसेल आहे. मुलाच्या गरजेप्रमाणे सोय करा, असं तो शाळेला सांगतो. मी कागद छापून घेतला अन् मिलच्याच कपड्यांत हेडमास्तरांपुढं उभा राहिलो.

"अर्ज द्या, बघू."

"अर्ज आणलाय सर. बाकावर पाण्याची बाटली. लघवीला जायला अडवायचं नाही. थंडीत फेरीला न्यायचं नाही. तीन ओळी आहेत."

सहीसाठी तीन खेटे घातले, तीन दिवसांची मजुरी बुडाली. आता बाटली बाकावर आहे.

दुसऱ्याच आठवड्यात खालच्या वर्गातली एक पोरगी बहिणीजवळ आली. हळूच म्हणाली, "मले बी हाय."

दोस्तहो, 14 एप्रिलची मिरवणूक आपण काढूच. त्याआधी वस्तीतल्या शाळेत जा. हार नेऊ नका, कायद्याचा कागद न्या. अन् विचारा, बाकावर पाणी आहे का?