सर, तुम्ही आणि रायफल?

मराठीत ‘नेम’ या शब्दाकडे तीन कामं आहेत. नेम धरायचा, नेम पाळायचा, आणि ज्याचा भरवसा नाही त्याच्याबद्दल म्हणायचं, ‘याचा काही नेम नाही’. शब्द आला ‘नियम’वरून. त्याला फारसीतला ‘बाज’ जोडला गेला आणि ‘नेमबाज’ तयार झाला. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, त्यामुळे असे शब्द फळ्यावर लिहायला मला आवडतं. ‘बंदूक’ तर अरबीतून आलेला. मूळ अर्थ एका टणक कवचाच्या फळाचा, मग त्या आकाराच्या मातीच्या गोळीचा आणि शेवटी गोळी उडवणाऱ्या हत्याराचा. पोरांना हे सगळं फार गमतीचं वाटतं. त्यांचे सर स्वतः रविवारी सकाळी रायफल धरतात, हे कळलं तेव्हा मात्र वर्गात एकदम शांतता पसरली.

शिक्षकांच्या खोलीत उलट गडबड झाली. ‘सर, तुम्ही आणि रायफल?’ या प्रश्नात अर्धी थट्टा होती. उरलेला अर्धा प्रश्न माझ्या नावाबद्दलचा होता, तो कुणी मोठ्याने विचारला नाही. तो आपल्याच लोकांनी विचारला. जवळचा एक मित्र नमाजनंतर मशिदीबाहेर चपला घालता घालता म्हणाला, ‘भाई, शौकच करायचा तर बॅडमिंटन खेळ. आपल्या हातात बंदुकीचा फोटोसुद्धा बरा दिसत नाही.’ तो भित्रा माणूस नाही. जे बघितलंय, वाचलंय, त्यावरून बोलत होता. त्याचं म्हणणं मला हसण्यावारी नेता आलं नाही आणि अजूनही नेता येत नाही.

आमचा जिल्हा कोल्हापूर, हे आधी सांगायला हवं होतं. इथे कुस्ती आणि फुटबॉलच्या खालोखाल लोक नेमबाजीवर बोलतात. तेजस्विनी सावंत इथली, २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनची जागतिक विजेती झाली. राही सरनोबत इथली. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं कांस्य जिंकलं. त्या दुपारी आम्ही एकाच मोबाइलवर डोकी घालून बघत होतो. ४५१.४ गुण. खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला मिळवलेल्या कांस्यानंतर महाराष्ट्राच्या मातीतलं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. रेल्वेत टी. सी. म्हणून नोकरी केलेला शिक्षकाचा मुलगा. शिक्षकाचा मुलगा म्हटल्यावर आमच्या खोलीत छाती कुणाची फुगणार नाही?

कॉलेजात एनसीसीत असताना मी पालथं पडून पॉइंट टू टूच्या पाच गोळ्या मारल्या होत्या. शिकवणाऱ्या हवालदाराला सगळे ‘उस्ताद’ म्हणायचे. माझं ग्रुपिंग बघून उस्ताद म्हणाले होते, ‘हाथ अच्छा है.’ पुढे बी. एड., नोकरी, लग्न, बदल्या. तो हात बावीस वर्षं खडूशिवाय कशाला लागला नाही. त्या पदकानंतरच्या दिवाळीच्या सुट्टीत मी रेंजवर गेलो आणि सदस्यत्वाचा फॉर्म भरला.

लांब पल्ल्याची नेमबाजी म्हटलं की हल्लीच्या पोरांच्या डोळ्यापुढे यूट्यूबवरच्या अमेरिकन स्पर्धा येतात. १००० यार्डांवर टांगलेल्या पोलादी पाट्या, दुर्बीण लावलेल्या रायफली, आणि गोळी सुटल्यावर चारेक सेकंदांनी येणारा ‘टंग’ असा आवाज. तिथली प्रिसिजन रायफल सिरीज २०१२ ला सुरू झाली. इंग्लंडात बिस्लीच्या मैदानावर तर १८९० पासून लांब पल्ल्याच्या स्पर्धा भरतात. आपल्याकडे साध्या नागरिकाला ते दार जवळजवळ बंद आहे. ३०० मीटरची स्पर्धा होते, पण तिथे मुख्यतः सैन्यदलातले नेमबाज दिसतात, कारण तेवढी रेंज आणि तशी शस्त्रं त्यांच्याकडेच असतात. तुमच्या-माझ्यासारख्याचा लांब पल्ला म्हणजे ५० मीटर, आणि तिथवर जायचा रस्ता १० मीटरच्या एअर रायफलवरून जातो.

दहा मीटर ऐकून हसू येतं. मलाही आलं होतं. पण त्या कार्डावरचा दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो. तुमच्या पेनाच्या टोकाएवढा. छरा साडेचार मिलिमीटरचा. उभं राहून साडेपाच किलोपर्यंतची रायफल धरायची आणि सव्वा तासात साठ छरे सोडायचे. प्रत्येक छऱ्याला जास्तीत जास्त १०.९. पहिला महिनाभर मला छराच दिला नाही. रिकामी रायफल खांद्याला लावायची, ट्रिगर ओढायचा, खाली ठेवायची. पुन्हा तेच. याला ड्राय फायर म्हणतात. आपल्याकडे कायदा शिकवताना हाफिजजी एकेका हरफावर आठवडा घालवतात, तसलंच काहीसं.

यातलं सर्वात अवघड काम म्हणजे रायफल न ढकलणं. कोच सांगतात, नेम धरा, डोळे मिटा, दोन श्वास घ्या, डोळे उघडा. आता नळी कुठे बघतेय? ठिपक्याच्या उजवीकडे असेल तर हाताने डावीकडे आणायची नाही. पाय सरकवायचे. शरीर सैल सोडल्यावर नळी आपोआप जिथे थांबते तिथेच ठिपका यायला हवा. हाताने ओढून आणलेला नेम ट्रिगर दाबताना परत आपल्या जागी पळतो. चाळिशी ओलांडलेल्या माणसाची कंबर याला सहजासहजी तयार होत नाही. जाड कॅनव्हासचा ताठ कोट घालून उभं राहिलं की पहिले पंधरा मिनिटं सगळं लक्ष पाठीच्या मणक्यावर असतं.

दुसरी गोष्ट म्हणजे ‘कॉल’. गोळी सुटली की पडद्याकडे बघायच्या आधी, ती कुठे लागली हे स्वतः सांगायचं. ‘नऊ, वर डावीकडे.’ मग पडदा बघायचा. सुटण्याच्या क्षणी आपण काय बघितलं हे खरं सांगता येणं, हे दहा मारण्यापेक्षाही आधी शिकावं लागतं. जो आपल्या वाईट गोळीचा कॉल बरोबर देतो, त्याच्यावर आमचे कोच खूश असतात. मी शाळेत हे आणायचा प्रयत्न केला. पेपर परत देण्याआधी पोरांना स्वतःचे गुण लिहायला लावले. पोरं हुशार, सगळ्यांनी पस्तीस लिहिले. ते जाऊ दे.

माझ्याबरोबर आता नववीतली एक विद्यार्थिनीही येते. तिचे अब्बा टेम्पो चालवतात. तिने हट्ट धरला तेव्हा ते शाळेत आले, खुर्चीच्या कडेवर बसले आणि हळू आवाजात विचारलं, ‘सर, पोलिसांचं काही लफडं नाही ना?’ त्यांना जे सांगितलं ते इथेही लिहितो, कारण हा प्रश्न खूप घरांत अडकून बसलेला आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे, पॉइंट १७७ म्हणजे साडेचार मिलिमीटरच्या पुढे न जाणाऱ्या आणि २० ज्यूलपेक्षा कमी ताकदीच्या एअर रायफलला परवाना लागत नाही. स्पर्धेतल्या एअर रायफलची ताकद त्याच्या निम्म्याहूनही कमी असते. सुरुवातीला विकतही घ्यावी लागत नाही, रेंजची रायफल मिळते. स्वतःची परदेशी घ्यायची तर दीड-दोन लाखांच्या पुढचा खर्च आहे, तो विषय दोन वर्षं तरी काढू नका. ते म्हणाले, ‘आणि तिचा स्कार्फ?’ कोट गळ्यापासून मांडीपर्यंत, पँट घोट्यापर्यंत, हातात जाड मोजा. याहून झाकलेला खेळ मला तरी माहीत नाही. ते हसले. पोरगी दुसऱ्या रविवारपासून येऊ लागली.

रेंजवर तिचं नाव कुणी वेगळ्या नजरेने घेतलेलं मी बघितलेलं नाही. तिथे सगळ्यांना एकच हुकूम चालतो. ‘लोड’ म्हटल्याशिवाय छरा घालायचा नाही, ‘स्टॉप’ म्हटलं की मध्येच थांबायचं, रायफल खाली ठेवताना नळीत भडक रंगाची सुरक्षा-दोरी दिसलीच पाहिजे. कलेक्टर कचेरीतल्या साहेबांचा मुलगा दोरी विसरला, तर त्यालाही बाहेर काढतात. बाहेरच्या जगातही असा एकसारखा हुकूम असता, तर माझ्या मित्राला मशिदीबाहेर ते वाक्य बोलावं लागलं नसतं.

गेल्या पावसाळ्यानंतर मी ५० मीटरला गेलो. पालथं पडायचं, डाव्या दंडाला पट्टा आवळायचा, पट्ट्याने रायफल तोलायची. पट्टा जरा वर बसला तर दंडातली नाडी थेट रायफलीत उतरते आणि पुढच्या साइटची गोल कडी ठोक्याला ठोका उडताना दिसते. स्वतःचं हृदय असं डोळ्यांनी बघायची ही पहिलीच वेळ.

इथे दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं. गोळी अडीच ग्रॅमच्या आसपास, आवाजाच्या वेगाहून किंचित हळू, सेकंदाच्या साधारण सहाव्या भागात पोचते. तेवढ्यात वारा आपलं काम करतो. ताशी पंधरा-सोळा किलोमीटरचा आडवा वारा तिला सुमारे दोन सेंटीमीटर बाजूला नेतो, म्हणजे दहातून निघालेली गोळी आठ-सातच्या घरात. म्हणून रेंजवर हलक्या कापडाच्या छोट्या झेंड्या असतात. नवा माणूस झेंडी बघून दर गोळीला साइट फिरवत बसतो. जुने लोक आधी वाट बघतात. एक वारा ठरवतात, सरावाच्या गोळ्या त्या वाऱ्यात मारतात, आणि मग तोच वारा परत येईपर्यंत गाल रायफलीवरून उचलून स्वस्थ पडून राहतात. आमच्या भागात सकाळी आठपर्यंत झेंड्या झोपलेल्या असतात, दहानंतर घाटाकडून झुळका सुरू होतात. साठ गोळ्यांचं घड्याळ चालू आणि तुम्ही काहीही न करता पडलाय, हे मास्तर माणसाला फार जड जातं. आम्हाला तास रिकामा गेलेला सहन होत नाही.

५० मीटरची रायफल म्हणजे खरं शस्त्र. रेंजवर क्लबची वापरता येते, पण स्वतःची हवी तर परवाना, पोलीस चौकशी, कागदपत्रं. घरात हा विषय निघाला आणि दादाजींची बंदूक आठवणीतून बाहेर आली. त्यांच्याकडे उसातली रानडुकरं हाकलायला पीक-संरक्षणाच्या परवान्याची बाराबोर होती. दर निवडणुकीला ती पोलीस ठाण्यात जमा करायची, निकालानंतर आणायची. दादाजींना त्यात काही वाटायचं नाही. ठाण्यात चहा पिऊन यायचे. ते गेल्यावर अब्बांनी परवाना स्वतःच्या नावावर करून घेतला नाही, बंदूक कायमची जमा करून टाकली. त्या वर्षी देशात दिवस बरे नव्हते. अम्मी सांगते की त्या रात्री अब्बा खूप दिवसांनी गाढ झोपले.

मी या जानेवारीत अर्ज दिला. अम्मीला आधी सांगितलं. रायफल घरात येणार नाही, रेंजच्या शस्त्रागारात कुलपात राहील, हेही सांगितलं. ती बराच वेळ तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, ‘चौकशीला येतील त्यांना घर दाखवशील ना नीट? तुझी ती प्रशस्तिपत्रं बाहेरच्या खोलीत लाव.’ ती लावली आहेत. आदर्श शिक्षकाचं तालुक्याचं एक, एनसीसीचं एक आणि जिल्हा स्पर्धेत भाग घेतल्याचं एक. त्या स्पर्धेत माझे साठ छऱ्यांचे गुण ५५८.३ होते; ऑलिंपिकची मंडळी ६३० च्या वर मारतात. चौकशीचा माणूस अजून आलेला नाही.

मुलीचा रस्ता माझ्यापेक्षा सरळ आहे. जिल्हा, मग राज्य स्पर्धा, तिथे पात्रतेचे गुण आले तर विभागीय किंवा मावळंकर, आणि मग राष्ट्रीय. मावळंकर म्हणजे लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर. राष्ट्रीय रायफल संघटनेच्या स्थापनेत त्यांचाच पुढाकार होता, म्हणून स्पर्धेला त्यांचं नाव. राज्य स्पर्धेसाठी तिला स्वतःचा मापाचा कोट लागणार आहे. भारतात शिवलेला कोट परदेशीपेक्षा बराच स्वस्त मिळतो, आणि त्यासाठी आम्ही काही शिक्षकांनी पैसे काढलेत. चपला सांभाळत मला बॅडमिंटनचा सल्ला देणाऱ्या मित्राचेही त्यात पाचशे आहेत. ‘नाव लिहू नकोस,’ म्हणाला.

गेल्या रविवारी तिचा शेवटचा छरा सुटला. पडद्याकडे पाठ करून ती म्हणाली, ‘सर, आठ पॉइंट पाच, खाली उजवीकडं.’ पडद्यावर ८.७ होता, खाली उजवीकडे. कोचनी वहीत तारीख घालून तेवढंच लिहून घेतलं.