चुकलेली सुई

चि. बेबी,


"छकुलीचे हात अगदी थांबलेत, म्हणून या खेपेचं पेनिसिलिनचं इंजेक्शन घेतलं नाही," हे तुझं वाक्य वाचलं आणि घास घशाखाली उतरेना. अगं, आधी विचारायचं तरी होतंस!

हात थांबणारच होते. कोरिया, म्हणजे हा हात आपोआप हलण्याचा आजार, बहुधा काही महिन्यांत ओसरतो. पेनिसिलिन हातांसाठी नाहीच, घसा पुन्हा बिघडू नये म्हणून आहे. घशातल्या स्ट्रेप्टोकोकसशी लढायला शरीरानं केलेली प्रतिद्रव्यं मेंदूतल्या हालचाली आवरणाऱ्या भागावरच उलटतात. ज्या संधिवाताच्या तापातून हे होतं, त्यात हृदयाच्या झडपांवरही असाच घाला पडतो. हात निदान दिसतात तरी; हृदय मुकाट्यानं सोसतं. मोठ्या मामीचं आठव. झडप आवळलीय हे कळलं ते बाळंतपणात धाप लागली तेव्हा.

शाळेत तुझ्या छकुलीला धसमुसळी म्हणाले म्हणून तू रागावलीस. मी कुठल्या तोंडानं रागावू? माझ्या चौथीच्या वर्गात एका मुलीचं मोत्यासारखं अक्षर महिनाभरात विस्कटलं. हातातलं सांडायचं, तोंड वेडंवाकडं व्हायचं, मध्येच रडू फुटायचं. मी तिच्या बोटांवर पट्टी मारली. घरच्यांनी दृष्ट काढली. घसा दुखला होता तो दोन-तीन महिन्यांपूर्वी, ते कोण ध्यानात ठेवतं? तिची आई म्हणाली, "बाई, झोपेत मात्र अगदी शांत असते हो." तरी मला उमगलं नाही. टॉमस सिडनहॅमनं १६८६ सालीच या आजाराचं वर्णन लिहून ठेवलंय, आणि आम्हा बाईंना पोरीचा माज दिसला!

डी.एड.च्या प्रत्येक वर्गात हे शिकवायला हवं. ५ ते १५ वयाच्या मुलाचं, त्यातून मुलीचं, अक्षर अचानक बिघडलं तर डॉक्टर गाठा. जीभ बाहेर ठेवायला सांगा, ती आत पळते. बोट धरायला द्या, मूठ धार काढल्यासारखी आवळते नि सुटते.

"किती वर्षं टोचायचं?" विचारतेस. हृदय धड असलं तरी निदान पाच वर्षं, अन् मोठी होईपर्यंत. झडप बिघडली तर चाळिशीपर्यंतही. दर २१ दिवसांनी. दुखतं गं, ठाऊक आहे मला. मागच्या वेळी माझ्या मांडीवर किती रडली!

उद्याच घेऊन जा. हृदयाचा इको पुन्हा कधी करायचा तेही विचार. पुढची तारीख कॅलेंडरवर तिलाच लिहू दे, आणि अक्षर कसं आलं ते मला कळव. घसा दुखतोय का गं तिचा?

तुझी,
मावशी