गळाला लागलो!

“काय रे, रूममध्ये झेंडावंदन आहे का?”

थर्ड इयरच्या दुसऱ्या सेममध्ये आमच्या खोलीत डोकावणारा प्रत्येक जण हे विचारूनच जायचा. कारण कोपऱ्यात तिरकी उभी असलेली आठ फुटी काठी. ती मासे पकडायची काठी आहे आणि मी ती ‘बनवतोय’, असं सांगितलं की पुढचं वाक्य ठरलेलं. “मुठेत टाकणार? चप्पल लागेल गळाला!” मीही हसायचो आणि दोरा गुंडाळत बसायचो.

खरं कारण फार कुणाला सांगितलं नव्हतं. आमचं गाव देवगडजवळ, खाडीला लागून. बाबांनी आयुष्यभर माणग्याच्या काठीने गरवलं. माणगा म्हणजे आमच्याकडचा बांबू, आतून जवळजवळ भरीव. शेंड्याला तंगूस बांधायचा, गरीला कोलंबी लावायची, झालं. थर्ड इयर सुरू झालं आणि गणपतीनंतर बाबांना अर्धांगाचा झटका आला. हळूहळू चालायला लागले, बोलणंही सुधारलं, पण उजव्या हाताची पकड गेली. माणग्याची काठी उचलायचे आणि ती हातातून गळून पडायची. आई फोनवर सांगायची, की रोज संध्याकाळी धक्क्यावर जातात, दुसऱ्यांच्या काठ्या बघतात आणि परत येतात.

तेव्हा डोक्यात आलं, एवढं एस.ओ.एम. शिकलो ते कशाला? वाकणाऱ्या दांड्यात मधलं मटेरिअल फारसं काम करत नाही, भार घेतात ते बाहेरचे थर. म्हणजे पोकळ नळी हवी, फायबरग्लासची. बांबूला मी कमी लेखत नाही बरं का! 19व्या शतकात अमेरिकेतले कारागीर आपल्याकडून जाणारा ‘कलकत्ता’ बांबू उभा चिरायचे आणि त्याच्या सहा त्रिकोणी पट्ट्या चिकटवून काठ्या करायचे. पुढे चीनच्या टोंकिन बांबूने त्याची जागा घेतली. पण मला हवं होतं वजन कमी.

रूममेट म्हणाला, “विकत घे ना सरळ!” (हा सोलापूरचा, म्हणून आम्ही त्याला ‘सोलापूर’च म्हणतो.) पण दुकानातल्या काठ्यांची मूठ चांगल्या हातासाठी असते. बाबांना चमचा धरता येत नव्हता, पेनही नाही. मग काय धरता येतं? आईने घरात एकेक वस्तू त्यांच्या हातात देऊन पाहिली आणि कळवलं, दोन सेलची बॅटरी नीट धरतात. वर्कशॉपमधून व्हर्नियर मागून आणला आणि तसलीच बॅटरी दुकानात जाऊन मोजली. 38 मिलिमीटर. दुकानदार माझ्याकडे कसा बघत होता ते विचारू नका!

एका रविवारी जुन्या बाजारात एक जुनी फायबरग्लासची काठी मिळाली, कड्या गंजलेल्या. घासाघीस करून दोनशेला घेतली. कड्या काढायच्या म्हणजे त्यांच्यावरचा दोरा कापायचा. मी ब्लेड घेतलं आणि बिनधास्त चालवलं. नळीवर एक बारीक ओरखडा उठला, मी दुर्लक्ष केलं. महिनाभर खपून काठी तयार केली आणि भार बघायला टोकाला एक किलोची साखरेची पिशवी लटकवली. काड् आवाज झाला. नेमकी त्या ओरखड्यावर मोडली! स्ट्रेस कॉन्सन्ट्रेशनवरच्या प्रश्नाला मला दहापैकी आठ मार्क होते. त्या रात्री मेसमध्ये जेवलो नाही. साखर मात्र सगळ्या विंगने चहाला वापरली.

दुसऱ्या वेळी मुंबईहून कुरियरने कोरी नळी मागवली, त्या महिन्यात वडापाववर दिवस काढून. कड्या आणि रीळ बसवायची बैठक जुन्याच काठीची, घासूनपुसून. आता घाई नाही. नळीचं टोक तळहातावर टेकवायचं, वरून दाबून वाक द्यायचा आणि फिरवायची. फिरता फिरता ती एका ठिकाणी आपोआप उडी मारून स्थिर होते. कापडाचे थर गुंडाळून नळी करतात ना, ते सगळीकडे सारखे बसत नाहीत, म्हणून एक बाजू जास्त ताठ असते. तिला म्हणतात काठीचा कणा. कड्या त्या रेषेत लावायच्या. टोकाकडे लहान आणि जवळजवळ, मुठीकडे मोठ्या आणि लांब लांब. आधी नुसत्या चिकटपट्टीने लावून काठी वाकवून बघायची. दोरी वाकाला धरून गेली पाहिजे.

मग दोरा. दोऱ्याला ताण हवा, तोही सारखा. मी दोऱ्याचं रीळ कपात ठेवलं, दोरा भंडारींच्या ‘मशीन डिझाइन’च्या पानांतून काढला आणि वर डिक्शनरी ठेवली. ते पुस्तक सलग तीन आठवडे उघडं राहण्याची ही पहिलीच वेळ! पुठ्ठ्याच्या खोक्याला दोन खाचा, त्यात काठी, आणि ती बोटांनी फिरवायची. वेढ्याला वेढा चिकटून. कडीचा पाय कानशीने घासून धारदार उतरता करावा लागतो, नाहीतर दोरा वर चढताना फट पडते. शेवटचे सात-आठ वेढे दोऱ्याच्या एका फासावर घ्यायचे, टोक त्या फासात ओवायचं आणि फास ओढायचा. गाठ नाहीच. पहिल्या कडीला माझे चार तास गेले, शेवटचीला वीस मिनिटं.

लाल नायलॉन घेतला होता. वरून इपॉक्सी लावली की दोरा ती पितो आणि काळपट होतो. हे मोडक्या तुकड्यावर आधी करून बघितलं म्हणून वाचलो. त्यासाठी रंग पक्का ठेवणारं औषध असतं, पण मी सरळ दोन छटा फिकट दोरा घेतला. जर मात्र बदलत नाही. बोहरी आळीत मुठीसाठी सुती दोरी घ्यायला गेलो होतो, तेव्हा रविवार पेठेतच जरीचा दोराही घेतला. कड्यांच्या कडेला दोन-दोन वेढे आणि मुठीच्या वर बोटभर पट्टा. मूठ दोरी गुंडाळून 38 पर्यंत जाड केली, मागचा दांडा कोपराच्या मागे येईल इतका लांब ठेवला आणि तिथे हाताला बांधायला पट्टा शिवून घेतला. म्हणजे उजव्या हाताने धरायची गरज कमी, काठी बाहूवरच टेकते. रिळाची मूठ डावीकडे.

इपॉक्सीची रात्र कायम लक्षात राहील. सिरिंजने दोन्ही भाग समान घ्यायचे, बुडबुडे न येऊ देता हळू ढवळायचे. लावल्यावर ती घट्ट होईपर्यंत काठी फिरवत राहायची, नाहीतर सगळी खाली उतरते. मोटर नव्हती, मग शिफ्ट लावल्या. बारा ते दोन मी, दोन ते चार सोलापूर. चारला मला जाग आली तर सोलापूर काठीचं टोक हातात धरून घोरतोय आणि तिसऱ्या कडीखाली टपोरा थेंब, दगडासारखा होऊ घातलेला. सकाळी त्याने इतक्या वेळा सॉरी म्हटलं की मला रागावताच आलं नाही. थेंब कापायला ब्लेड काढलं, आणि तसंच परत ठेवलं.

मेच्या सुट्टीत काठी एस.टी.च्या टपावर न टाकता मांडीवर घेऊन गेलो. बाबांनी जरीचा पट्टा पाहिला आणि म्हणाले, “हेका काठी म्हणतंस की नवरो?” संध्याकाळी धक्क्यावर मी पट्टा बांधून दिला. पहिल्या दोन फेका पायाशीच पडल्या. तिसरी गेली. त्या दिवशी काही लागलं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी वीतभर तांबोशी. बाबांनी डाव्या हाताने रीळ फिरवत ती वर घेतली. मी मदतीला पुढे झालो तर नुसत्या नजरेने मला मागे सारलं.

रात्री ओटीवर बसून ते काठी फडक्याने पुसत होते. अंगठा तिसऱ्या कडीखाली थांबला.

“ह्यो थेंब कसलो?”

मी सोलापूरची गोष्ट सांगितली. खूप दिवसांनी ते मोठ्याने हसले.

“पुढच्या वेळाक त्याका घेवन ये,” म्हणाले. “बघूया, धक्क्यावर तरी जागो रवता काय!”