रतनवाडी ते साम्रद, फोर बाय फोरमधून

नवी थार घेतल्यावर पहिला कच्चा रस्ता कोणता, याचं उत्तर मित्राकडे तयार होतं: अकोले तालुक्यातला रतनवाडी-साम्रद. दिवाळी उलटली होती, चिखल वाळला होता आणि काजव्यांच्या दिवसांत भंडारदऱ्याला उसळणारी गर्दीही नव्हती. शेंडीहून धरणाच्या कडेनं रतनवाडी गाठली, अमृतेश्वराचं दर्शन घेतलं आणि टायरमधली हवा तेहतीसवरून पंचवीस पीएसआयवर आणली. हवा कमी केली की टायर पसरतो, पकड वाढते, हादरे कमी बसतात.

पुढचा जंगलातला रस्ता तेव्हा कच्चाच होता. उजवी-डावीकडे झाडी, मध्येच रतनगडाची कातळभिंत. अंगठे स्टिअरिंगच्या आत अडकवायचे नाहीत, हा मित्राचा पहिला धडा. चाक दगडावर आपटलं की स्टिअरिंग उलटं फिरतं आणि अंगठा दुखावतो. दुसरा धडा ओढ्यापाशी मिळाला. उतार चांगलाच तीव्र होता. गाडी उभी करून फोर लो, म्हणजे चारही चाकांना संथ पण जोरदार ताकद देणारा गिअर टाकला, मग पहिला गिअर घातला. मित्र खाली उतरून वाट दाखवत पुढे चालू लागला. मोठा दगड चाकाखाली घ्यायचा, पोटाखाली कधीच नाही, कारण गाडीचा सगळ्यात खालचा भाग म्हणजे डिफरन्शिअल, तो आधी आपटतो. ब्रेक, क्लच, दोन्हींवरून पाय काढले. इंजिननं स्वतःच गाडी धरून ठेवली आणि आम्ही माणसाच्या चालीनं तळाला पोचलो. त्या संथपणात जो आनंद होता, तो मला महामार्गावरच्या वेगात कधीच मिळालेला नाही.

साम्रदच्या अलीकडे भाताचे भारे घेऊन बैलगाडी आली.

"भाऊ, जरा दम धरा, बैल बुजत्यात," गाडीवान म्हणाले. आम्ही इंजिन बंद करून थांबलो.

डांबरी लागण्याआधी पंपानं हवा भरली आणि टू एचवर, म्हणजे फक्त मागच्या चाकांवर आलो. थारसारख्या गाडीत फोर एच टाकलं की पुढची-मागची चाकं एकत्र जखडली जातात. कोरड्या डांबरावर वळताना त्याचा सगळा ताण ट्रान्सफर केस, शाफ्ट आणि टायरांवर येतो.

नवशिक्यांनी इथे जरूर यावं, पण पावसाळ्यात नाही आणि एकट्या गाडीनं नाही. हे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे. मळलेली चाकोरी सोडून झाडीत किंवा भातखाचरात गाडी घालू नका. बांध फुटला तर तो शेतकऱ्यालाच पुन्हा घालावा लागतो.