कृष्णाकाठचा सरता तोडा

साताऱ्याजवळ संगम माहुलीस वेण्णा, कराडास कोयना आणि सांगलीजवळ हरिपुरास वारणा कृष्णेस येऊन मिळते. या तीन संगमांचा प्रवास आम्हीं एका फाल्गुनांत केला. देवदर्शन हा हेतु होताच. पण या काठच्या मळईच्या जमिनींत पिकणारीं वांगीं शेतांत जाऊन पाहावीं, हीहि इच्छा होती.

चातुर्मासांत आपल्या घरांतून वांगें वर्ज्य असतें. मार्गशीर्षांत चंपाषष्ठीस खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाला, कीं तें पुन्हां पानांत येतें. त्यामुळें आपल्या गृहिणींना वांग्याच्या हंगामाचा आरंभ तेवढा ठाऊक. त्याचा शेवट ठाऊक असतो तो माळवें पिकविणाऱ्यांना.

कराडच्या खालीं नदीकाठीं वीस गुंठ्यांचा एक मळा लागला. मालकीणबाई व त्यांचा मुलगा सरता तोडा करीत होते. झाडें थकलेलीं, शेंडे माना टाकलेले. वांग्यांचे दोन ढीग होते. एक बाजाराचा, दुसरा किडक्यांचा. दुसराच मोठा होता. बाई हंसून म्हणाल्या, "माळव्यात पहिला तोडा आमचा, शेवटला अळीचा."

ही शेंडा व फळ पोखरणारी अळी. तिचा पतंग पानांवर अंडीं घालतो. अळी आधीं कोंवळ्या शेंड्यांत शिरते व मग देंठाजवळून फळांत जाते. शिरण्याची जागा दिसेनाशी होते. आपल्याला वांग्यावर जें भोंक दिसतें, तें बहुधा अळी बाहेर पडल्याचें असतें! आंत शिरलेल्या अळीपर्यंत फवारा पोंचत नाहीं. म्हणूनच जाणते शेतकरी सुकलेले शेंडे दर आठवड्यास खुडून नष्ट करतात, नर पतंगांसाठीं कामगंध सापळे लावतात आणि पांच टक्के निंबोळी अर्क फवारतात. याच अळीवर उपाय म्हणून निघालेल्या बीटी वांग्यास केंद्र सरकारनें ९ फेब्रुवारी २०१० रोजीं स्थगिती दिली, तेव्हां देशभर वाद माजला होता.

त्या दिवशीं मायलेकांतहि वाद होता, पण तो उपटलेल्या झाडांवरून. बाईंना तीं बांधावर रचून चुलीसाठीं वाळवायचीं होतीं. मुलगा म्हणत होता, "आई, आत्ताच जाळू. वाळल्या पानांत, काटक्यांत अळीचे कोश असत्यात. पाखरं उठून शेजारच्या रोपांवर जातील."

"मग पाणी कशावर तापवू?" बाईंनीं विचारलें.

प्रश्न खोटा नव्हता. वर्षभर खपून उभें केलेलें सरपण जाळून टाकणें सोपें नसतें. पण शेजारचीं रोपें पुतण्याचीं होतीं. बाई क्षणभर थांबल्या. "त्याच्या रानात आमची कीड नगं," म्हणून त्यांनीं पालापाचोळा व किडकीं फळें खड्ड्यांत पुरावयास सांगितलीं. राहिलेल्या काटक्यांच्या ढिगावर जुनी मच्छरदाणी टाकून कडा मातीनें दाबाव्या, म्हणजे निघालेले पतंग आंतच मरतील, असें ठरलें. महिन्याभरानें तेंच सरपण चुलीला मोकळें होणार होतें. पुतण्याचें पीकहि राखलें आणि घरची चूलहि!

आमच्या वाचक-भगिनींना एवढेंच सांगावयाचें आहे. बाजारांत डागाचें एकहि वांगें चालत नाहीं, म्हणून मळ्यांत एकावर एक फवारे पडतात, आणि तीं औषधें शेवटीं आपल्याच पानांत येतात. भोंक दिसलें तर वांगें चिरून पाहावें, किडका भाग काढावा व चांगला भाग घ्यावा. भरितासाठीं वांगें अखंड भाजावयाचें असेल, तर त्यास आधीं उभी चीर द्यावी; कारण वरून निर्दोष दिसणाऱ्या फळांतहि अळी असूं शकते. सरत्या हंगामांतलें असें वांगें स्वस्त असतें, आणि तें घेणारें गिऱ्हाईक मिळालें, तर मळेवाल्याचा शेवटचा तोडाहि उकिरड्यावर जात नाहीं.