खालच्या कप्प्यातले एप्रन

प्रिय विद्यार्थी, पालक व विश्वस्त मंडळी,



माझ्या खोलीतल्या लोखंडी कपाटाचा खालचा कप्पा नेहमी कुलूपबंद का असतो, असे पाचवीतल्या एका मुलीने मला परवा विचारले. तिला वाटले होते, तिथे परीक्षेचे पेपर ठेवलेले असतात. तिच्यासमोरच कुलूप उघडले. आत एप्रन आहेत. दोघींनी मिळून मोजले, २३ भरले.

हा छंद मी ठरवून लावून घेतलेला नाही. २००९ साली शिवणाची खोली संगणकांसाठी रिकामी करायची होती, तेव्हा एका पत्र्याच्या पेटीत गृहविज्ञानाच्या मुलींनी कधीकाळी प्रात्यक्षिक परीक्षेसाठी शिवलेले ११ एप्रन निघाले. ते पुसायला फडकी म्हणून वापरायचे ठरले होते. मी ते घरी नेऊन धुतले. फार चांगले शिवलेले आहेत असे मुळीच नाही. एकाचा खिसा चक्क उलटा लागला आहे, आणि टाचलेल्या कागदावर लाल शाईत हिंदीत शेरा आहे, ‘खोलकर फिर सिलो’. तो खिसा त्या मुलीने पुन्हा शिवलाच नाही. मला तो एप्रन फार आवडतो.

मी स्वतः गृहविज्ञान शिकले ते हिंदी माध्यमातून. त्यामुळे माझ्या तोंडी तुरपाई आणि बखिया हेच शब्द येत. बखियाला मराठीत उलटी टीप म्हणतात, हे या शाळेत रुजू झाल्यावर आमच्या शिवणाच्या बाईंनी मला शिकवले. (माझ्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका अजूनही होतात. सातवीचा वर्ग त्या आनंदाने दाखवून देतो.)

एप्रन हा शब्दही मजेदार आहे. इंग्रजीत तो मुळात ‘नेप्रन’ असा होता. ‘अ नेप्रन’ असे भरभर म्हणताना त्यातला न अलीकडे सरकला आणि ‘अ‍ॅन एप्रन’ झाले. नॅपकिन हा त्याचाच भाऊबंद. आपल्याकडे मात्र एप्रन म्हटले की मुलांना डॉक्टरांचा पांढरा कोट आठवतो, आणि स्वयंपाकघरात आपल्या बायकांचे काम पदर खोचूनच चालत आले. माझी आजी सोवळ्यात स्वयंपाक करायची. तिच्या धाबळीला आम्ही मुले चुकून शिवलो तर घर डोक्यावर घ्यायची. सोवळे हे अन्नाला माणसांपासून जपायचे आणि एप्रन हा कपड्यांना अन्नापासून जपतो. ज्याच्याजवळ चांगला कपडा एकच आहे, त्याला ही दुसरी गोष्ट लवकर कळते.

पेटीतल्या एप्रनांची गोष्ट पालकसभेत सांगितली आणि घरोघरचे एप्रन येऊ लागले. एका आजोबांनी वेल्डिंगच्या कारखान्यातला चामड्याचा दिला, त्याला ठिणग्यांनी पडलेली भोके आहेत. एका पालकांच्या बेकरीतला आला, तो कितीही धुतला तरी व्हॅनिलाचा वास सोडत नाही. प्रयोगशाळेतले, दवाखान्यातले आले. असो.

त्या २३ मधला एक माझ्या आईचा आहे. त्याविषयी मी आजवर कोणाला सांगितले नव्हते.

माझे वडील कापड गिरणीत होते. इंदूरच्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, त्यात त्यांचीही पडली. मी तेव्हा बी.एड. करत होते. धाकटा भाऊ शाळेत होता. आई एका आचाऱ्यांच्या हाताखाली मंगल कार्यालयात पुऱ्या करायला जाऊ लागली. बाहेर नेसायच्या साड्या तिच्याकडे दोनच होत्या, म्हणून वडिलांनी पूर्वी गिरणीतून आणलेल्या लट्ठ्याचा तिने एप्रन शिवला. दोन खिसे, एक चष्म्याला आणि एक टेंपोच्या भाड्याला. कमरेला पायजम्याची नाडी.

त्या वर्षी माझ्या वर्गातल्या मैत्रिणीच्या बहिणीचे लग्न होते. आई त्याच कार्यालयात असेल, हे माझ्या ध्यानीमनी नव्हते. पंगतीत पुऱ्या यायला उशीर होत होता, म्हणून आम्ही दोघी ताटे घेऊन मागे भटारखान्याकडे गेलो. कढईपाशी आई उभी होती. हातात झारा, एप्रनवर तेलाचे आणि कणकेचे डाग. मला पाहून ती हसली.

मैत्रिणीने विचारले, “तू ओळखतेस का गं यांना?”

मी म्हटले, “आमच्या वाड्यात राहतात.”

आईने ते ऐकले. तिने मैत्रिणीच्या ताटात दोन पुऱ्या घातल्या, मग माझ्या ताटात घातल्या आणि म्हणाली, “घ्या ताई, गरम आहेत.”

रात्री ती उशिरा आली. एप्रन बादलीत भिजवला. मी जागीच होते, पण डोळे मिटून पडून राहिले. सकाळी चहा देताना तिने एवढेच विचारले, “मठ्ठा बरा झाला होता का?” पुढे १२ वर्षे ती त्या कामावर जात राहिली. भावाचे शिक्षण त्यावरच झाले. ती गोष्ट तिने कधी काढली नाही, आणि मलाही काढता आली नाही.

२०१४ साली आई गेली. तिच्या ट्रंकेत साड्यांच्या खाली तो एप्रन घडी करून ठेवलेला होता. पुढचा भाग पिवळट पडला आहे. पट्टीखालचा लट्ठा अजून पांढरा आहे.

यंदाच्या स्नेहसंमेलनात या एप्रनांचे छोटे प्रदर्शन मांडायचे आठवीच्या मुलांनी ठरवले आहे. कोणाचा, कुठला, कोणत्या कामाचा, अशी चिठ्ठी प्रत्येकाला लावायची आहे. मुलांनी २२ चिठ्ठ्या तयार केल्या आणि मला विचारले, “बाई, याची काय लिहू?” मी म्हटले, ही मी लिहून देते. चार दिवस लागले. शेवटी लिहिली, ‘मंगल कार्यालयात पुऱ्या तळताना वापरलेला. हिंच्या मुलीने शिवणाचे सगळे गुण वर्गात मिळवले, पण एप्रन शिवला तो यांनी. माझी आई.’ मुलांनी त्यातला ‘हिंच्या’ खोडून ‘यांच्या’ केला.

आपल्या घरी असा एखादा एप्रन असेल तर संमेलनाच्या आधी कार्यालयात आणून द्यावा. नाव लिहून द्यावे, वस्तू परत मिळेल. धुऊन, इस्त्री करून आणण्याची गरज नाही. डाग असले तर राहू द्यावेत.

आपली,
मुख्याध्यापिका